खप ५० लाखांचा, पण प्रभाव कशाने मोजायचा?

नाशिकमध्ये पत्रकारितेचा अभ्यासक्रम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, लंडनच्या ‘डेली मिरर’ या टॅब्लॉइड दैनिकाचा इतिहास आणि प्रभाव या विषयावर त्याला प्रकल्प लिहायचा आहे. टॅब्लॉइड म्हणजे सवंग, सनसनाटी वृत्तपत्र एवढेच वर्गात सांगितले गेले आणि दुसरीकडे याच पत्राचा खप एके काळी ५० लाखांवर गेला होता असे वाचायला मिळते. तेव्हा खपाचा आकडा हाच प्रभावाचा पुरावा धरून प्रकल्प लिहिला तर चालेल का, आणि नाशिकच्या एखाद्या सायंदैनिकाशी त्याची तुलना करता येईल का, असा त्याचा प्रश्न आहे.

मी नाशिकमध्ये २६ वर्षे उपसंपादक म्हणून काम केले आणि त्यांतली पहिली ९ वर्षे टॅब्लॉइड आकाराच्या एका सायंदैनिकात गेली, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो. तुमची खरी अडचण खपाच्या आकड्याची नाही. एखादे वृत्तपत्र पुष्कळ लोक विकत घेतात आणि एखाद्या वृत्तपत्रामुळे काहीतरी घडते किंवा घडायचे थांबते, या दोन गोष्टी एकच आहेत का, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात त्या वेगळ्या आहेत, आणि ‘डेली मिरर’चा इतिहास हे दाखवायला फार उपयोगी पडतो. उत्तर काही प्रमाणात तुम्ही कोणता कालखंड घेता यावर अवलंबून आहे, कारण १९०३चा, १९३४चा, १९४५चा आणि २००४चा ‘मिरर’ ही एकाच नावाखालची चार वेगळी पत्रे आहेत असे म्हटले तरी चालेल. सव्वाशे वर्षांचा सरसकट आढावा घेऊ नका, हे आधीच सांगते.

सुरुवात शब्दापासून करा. ‘टॅब्लॉइड’ हे मुळात औषधाचे नाव आहे. बरोज वेलकम या लंडनच्या औषध कंपनीने १८८४ मध्ये दाबून घट्ट केलेल्या गोळ्यांसाठी हे व्यापारचिन्ह नोंदवले, आणि पुढे कोणतीही गोष्ट थोडक्यात, दाबून बसवलेली असली की तिला तो शब्द लागू लागला. १ जानेवारी १९०१ रोजी जोसेफ पुलित्झर यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाचा एका दिवसाचा अंक अल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्या हाती सोपवला, तेव्हा हार्म्सवर्थ यांनी तो लहान आकारात आणि आखूड बातम्यांत काढून ‘हे विसाव्या शतकाचे वृत्तपत्र’ अशी त्याची ओळख करून दिली. याच हार्म्सवर्थ यांनी पुढे ‘डेली मिरर’ काढला. म्हणजे टॅब्लॉइडचा पहिला अर्थ आकार आणि आटोपशीरपणा हा आहे. सवंगपणा हा अर्थ त्याला नंतर, काही पत्रांच्या वागण्यामुळे चिकटला.

छपाईचे गणितही समजून घ्या, कारण ते कोणत्याही पुस्तकी व्याख्येपेक्षा जास्त सांगते. ज्या कागदावर मोठ्या आकाराची ४ पाने बसतात, त्याच कागदाला आणखी एक घडी घातली की टॅब्लॉइडची ८ पाने होतात. कागद तेवढाच, शाई तेवढीच, पण वाचकाच्या हातात दुप्पट पाने येतात आणि बसच्या गर्दीत अंक उघडताना शेजाऱ्याला कोपर लागत नाही. आमच्याकडे १९९०च्या दशकात मजकूर बटर पेपरवर छापून यायचा, आम्ही तो ब्लेडने कापून आखलेल्या पानावर गोंदाने चिकटवायचो, मग त्या पानाचे निगेटिव्ह, मग छपाईची प्लेट. साडेबारापर्यंत पान सोडले नाही तर पहिली पाळी सुटायच्या वेळी सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर गठ्ठा पोहोचत नसे, आणि साडेतीननंतर पोहोचलेला गठ्ठा जसाच्या तसा परत यायचा. जागा कमी आणि वेळ त्याहून कमी, त्यामुळे १५० शब्दांची बातमी १०० शब्दांत बसवायची तर ती पुन्हा लिहायला सवड नसे. शेवटच्या ओळी ब्लेडने काढल्या जात.

अशीच एकदा एका दुकानदाराविषयीच्या तक्रारीची बातमी लावताना माझ्या हातून शेवटच्या दोन ओळी कापल्या गेल्या. त्या ओळींत ‘तक्रारीची शहानिशा सुरू असून अद्याप गुन्हा दाखल झालेला नाही’ असे होते. पाच कॉलमांच्या पानावर तीन कॉलमांचा मथळा आणि त्याखाली अर्धी बातमी, एवढेच लोकांनी वाचले. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ तोच अंक घडी करून खिशात घेऊन आमच्या टेबलापाशी आला, अंक उघडून समोर ठेवला आणि मथळ्यावर बोट ठेवून उभा राहिला. बराच वेळ काही बोललाच नाही. आम्ही खुलासा छापला, पण तो आतल्या पानावर, एका कॉलमात. त्या दिवशी मला कळले की टॅब्लॉइडचे बळ आणि त्याचे पाप एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे काय ठेवायचे आणि काय कापायचे या निर्णयातून. ‘मिरर’च्या इतिहासाकडेही मी त्याच नजरेने पाहते.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘डेली मिरर’ निघाला तो स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले दैनिक म्हणून. संपादकपदी मेरी हॉवर्थ होत्या आणि किंमत १ पेनी होती. पहिल्या दिवशी कुतूहलापोटी अडीच लाखांहून अधिक प्रती गेल्या, पण काही महिन्यांतच खप २५ हजारांच्या आसपास आला. मग हॅमिल्टन फाइफ यांना संपादक नेमण्यात आले, स्त्री कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, किंमत अर्ध्या पेनीवर आणली गेली आणि जानेवारी १९०४ पासून पत्र सचित्र झाले. वेगाने फिरणाऱ्या रोटरी यंत्रावर छायाचित्रे छापण्याचे तंत्र तेव्हा हाताशी आले होते, त्याचा फायदा घेऊन ‘मिरर’ रोज छायाचित्रे देणारे दैनिक बनले आणि सावरले. पुष्कळ जण या प्रसंगातून ‘स्त्रियांना वृत्तपत्र चालवता आले नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो मला मुळीच मान्य नाही. मालकाने स्त्री वाचकाची कल्पनाच मुळी पोशाख, पाककृती आणि उच्चभ्रू घरांतले समारंभ एवढ्यापुरती केली होती. नोकरी करणारी, घरभाड्याची चिंता असणारी बाई त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. वाचक चुकीचा कल्पिला की लिहिणारे कोणीही असले तरी पत्र बुडते, हे मी नाशिकमध्येही पाहिले आहे. प्रकल्पात हा मुद्दा जरूर घ्या.

यानंतरची तीसेक वर्षे मी भराभर ओलांडते. चित्रांवर खप वाढला, पत्राचे नियंत्रण हार्म्सवर्थ यांचे भाऊ लॉर्ड रॉदरमिअर यांच्याकडे गेले आणि जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी याच ‘मिरर’मध्ये ऑसवाल्ड मॉस्ले यांच्या ब्रिटिश फॅसिस्ट ‘ब्लॅकशर्ट’ संघटनेला मदतीचा हात द्या असे वाचकांना सांगणारा लेख लिहिला. तेव्हा अंक लाखांनी खपत होता, तरीही त्या लेखाने ब्रिटनमध्ये फॅसिस्टांचे राज्य आले नाही. लाखो प्रती विकणाऱ्या पत्राने सांगितले म्हणून लाखो लोक ऐकतातच असे नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण. तुमच्या प्रकल्पात खप आणि प्रभाव यांना वेगळे करायचे असेल तर हे पान समोर ठेवा.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत हॅरी गाय बार्थोलोम्यू यांच्या हाताखाली पत्राचा चेहरामोहरा बदलला. ठळक काळे मथळे आले, आखूड परिच्छेद आले, वाचकांच्या पत्रांना मानाची जागा मिळाली, ‘कॅसान्ड्रा’ या नावाने विल्यम कॉनर यांचे सडेतोड सदर सुरू झाले, आणि ह्यू कडलिप यांच्यासारखे तरुण पत्रकार १९३५ मध्ये आले. सगळ्यांत मोठा बदल वाचकाचा होता. मध्यमवर्गीय घरांतून पत्र कारखान्यातल्या आणि सैन्यातल्या माणसाकडे वळले, आणि त्या माणसाच्या बोलीत बोलू लागले.

या बदलाचे फळ काय, ते ६ मार्च १९४२च्या अंकातून कळते. फिलिप झेक यांचे एक व्यंगचित्र त्या दिवशी छापले गेले. अंधारलेल्या मोकळ्या समुद्रात बुडालेल्या जहाजाचा एक खलाशी तराफ्याला कसाबसा बिलगून पडला आहे, आणि खाली सरकारी घोषणेच्या थाटात ओळ आहे की, पेट्रोलची किंमत १ पेनीने वाढली. चित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे अर्थ साधा होता: हे इंधन आणताना माणसे मरतात, ते वाया घालवू नका. पण चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाने त्याचा अर्थ असा लावला की, तेल कंपन्यांच्या नफ्यासाठी खलाशांचे जीव जात आहेत असे हे पत्र सुचवते. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पत्राच्या चालकांना बोलावून बंदीची ताकीद दिली. ही ताकीद पोकळ नव्हती, कारण युद्धकाळातल्या त्याच नियमाखाली जानेवारी १९४१ मध्ये कम्युनिस्टांचे ‘डेली वर्कर’ बंद करण्यात आले होते. संसदेत चर्चा झाली आणि ‘मिरर’ बंद झाला नाही.

पत्रकारिता शिकवताना या प्रसंगापाशी मी वर्गातही नेहमी थांबते. एक चित्र, एक ओळ. जर्मनीशी लढणाऱ्या सरकारला त्या ओळीची दखल मंत्रिमंडळात घ्यावी लागली. या पत्राने काही म्हटले की तराफ्यावरच्या त्या खलाशाच्या घरचे लोक ते आपलेच म्हणणे मानतात, हे सरकारने ओळखले होते. प्रभाव शोधायचा तर कोणाला त्या पत्राची दखल घ्यावी लागली हे शोधा, असे मी म्हणते ते यासाठी.

१९४५च्या निवडणुकीत ‘मिरर’ने आणखी अवघड गोष्ट केली. ‘मजूर पक्षाला मत द्या’ असा धोशा लावण्याऐवजी, युद्धावर गेलेल्या नवऱ्यासाठी, मुलासाठी, भावासाठी मत द्या, अशी हाक त्याने घरी असलेल्या बायकांना दिली. ‘मी त्याच्यासाठी मत देईन’ हे त्या मोहिमेचे वाक्य एका वाचक स्त्रीच्या पत्रातून आले होते. ८ मे रोजी, युरोपातले युद्ध संपले त्या दिवशी छापलेले झेक यांचे चित्र मतदानाच्या दिवशी, ५ जुलै रोजी पहिल्या पानावर पुन्हा छापले गेले. त्यात जखमी सैनिक शांततेची माळ पुढे करून ‘घ्या, पुन्हा हरवू नका’ असे सांगतो. निकालात ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. तो विजय ‘मिरर’ने मिळवून दिला असे प्रकल्पात लिहू नका, कारण बेकारी, घरांची टंचाई, सामाजिक सुरक्षेची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल अशी कितीतरी कारणे त्यामागे होती आणि एका पत्राचा वाटा वेगळा काढता येत नाही. मात्र राजकारण आपल्याशी बोलत नाही असे वाटणाऱ्या लोकांशी ते या पत्राने त्यांच्या भाषेत बोलले, एवढे त्या अंकांवरून ठामपणे म्हणता येते.

१९६४ मध्ये दैनंदिन खपाने ५० लाखांचा टप्पा ओलांडला. तुम्ही जो आकडा शिखर म्हणून घेतला आहे तो हाच. आता पुढचे पाहा. या यशाच्या बळावर कडलिप यांनी १९६८ मध्ये ‘मिररस्कोप’ ही गंभीर विषयांची पुरवणी सुरू केली, म्हणजे टॅब्लॉइडच्या वाचकाला अर्थकारण आणि परराष्ट्रकारण समजू शकते असा भरवसा दाखवला. त्याच कंपनीने १९६९ मध्ये आपले दुसरे, तोट्यातले ‘सन’ हे पत्र रुपर्ट मरडॉक यांना विकून टाकले. मरडॉक यांनी ते टॅब्लॉइड केले, नग्नता, दूरचित्रवाणीचे तारे आणि खेळ यांवर भर दिला, आणि १९७८ मध्ये ‘सन’ने खपात ‘मिरर’ला मागे टाकले. पण त्यानंतरच्याच वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, जॉन पिल्जर यांचा पोल पॉटच्या राजवटीने उद्ध्वस्त केलेल्या कंबोडियाविषयीचा वृत्तान्त आणि एरिक पायपर यांची छायाचित्रे ‘मिरर’ने पानेच्या पाने दिली, अंक संपला आणि वाचकांनी मदत पाठवली. उतरत्या खपाच्या काळात हे घडले. उलट ‘सन’ खपात पहिला असताना, १९ एप्रिल १९८९ रोजी, हिल्सबरो या फुटबॉल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांचा बळी घेणाऱ्या चेंगराचेंगरीबद्दल त्याने मृतांच्या सोबत्यांवर खोटे आरोप ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापले आणि लिव्हरपूल शहराने त्या पत्रावर बहिष्कार टाकला. तो बहिष्कार दशकानुदशके टिकला आणि २०१२ मध्ये पत्राला पहिल्या पानावर माफी मागावी लागली. देशातल्या सर्वाधिक खपाचे पत्र एका शहरात अनेक विक्रेते ठेवीनात. आकडा त्याच्या मदतीला आला नाही.

‘मिरर’ची बाजू घेताना त्याचे दोष झाकू नका. मे २००४ मध्ये ब्रिटिश सैनिक इराकी कैद्याचा छळ करीत असल्याची छायाचित्रे त्याने छापली, ती बनावट निघाली आणि संपादक पिअर्स मॉर्गन यांना जावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रिन्स हॅरी यांच्या दाव्यात या समूहाने बेकायदा मार्गांनी खासगी माहिती मिळवल्याचे मान्य करून १ लाख ४० हजार ६०० पौंडांची भरपाई द्यायला लावली. १९४२ मध्ये ज्याने सत्ताधाऱ्यांना दखल घ्यायला लावली, त्याच्यावरच पुढे खुलाशाची वेळ आली. वाचकाचा विश्वास कसा खर्च होतो, हे याच प्रकरणांतून लिहा.

आता नाशिकविषयी. तुलना करता येईल, पण आकड्यांची करू नका. ‘गावकरी’, ‘देशदूत’ यांसारखी नाशिकची सकाळची दैनिके मोठ्या आकारात वाढली आणि गावोगावच्या बातम्यांवर उभी राहिली. आपल्याकडे टॅब्लॉइड आकार प्रामुख्याने संध्याकाळच्या अंकाशी जोडला गेला, आणि म्हणून तो गेटवर, बसस्थानकावर, रेल्वे फलाटावर विकला जाणारा, सुट्या पैशांचा अंक राहिला. लंडनचा टॅब्लॉइड सकाळी घरी येतो, हा फरक मोठा आहे. घरात आलेला अंक बायका-मुले वाचतात. गेटवर घेतलेला अंक चहाच्या टपरीवर दहा हातांतून फिरतो आणि तिथेच राहतो. सातपूरच्या एका टपरीवाल्याकडे आमचा एकच अंक यायचा आणि पाळी सुटल्यावर एक जण तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आमच्या खपाच्या वहीत ती प्रत एकच. मराठीत अधिक चांगली तुलना हवी असेल तर १९९० मध्ये मुंबईत निखिल वागळे यांनी सुरू केलेले ‘आपलं महानगर’ घ्या. मोठ्या दैनिकांच्या मानाने ते लहान सायंदैनिक, पण राजकीय नेत्यांवरच्या परखड लिखाणामुळे त्याच्या कार्यालयावर हल्ले झाले. ‘मिरर’च्या १९४२च्या प्रसंगाशेजारी हे ठेवले की कोणाला दखल घ्यावी लागली हा निकष इथेही लागू पडतो, हे तुम्हाला दिसेल.

थोडक्यात, खपाचा आकडा प्रकल्पात घ्या, पण तो किती लोकांपर्यंत अंक गेला याचा पुरावा म्हणून. प्रभावाचा पुरावा म्हणून तीन प्रसंग पुरेत: १९३४चा लेख, जो लाखोंपर्यंत जाऊनही निष्फळ ठरला, १९४२चे चित्र, ज्याने सरकार अस्वस्थ झाले, आणि १९७९चा कंबोडियाचा अंक, जो खप उतरत असताना लोकांच्या मनाला भिडला.

सामग्रीसाठी, ‘मिरर’चे जुने अंक ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात. महाविद्यालयाकडून एका महिन्याचे शुल्क मिळाले तर तेवढ्यात या तीन प्रसंगांच्या आठवड्यांचे अंक सहज पाहून होतील. मराठी बाजूसाठी १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या दैनिकांच्या बांधलेल्या फायली मिळतात का ते विचारा. फाइल हाती आली की बातम्या वाचण्याआधी पट्टी घेऊन पहिल्या पानावरच्या मथळ्याची आणि त्याखालच्या मजकुराची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, आणि त्याच पत्राने नंतर त्या बातमीचा खुलासा छापला असेल तर तो कोणत्या पानावर, किती कॉलमांत आहे तेही त्याच कोष्टकात लिहा. कोष्टक तयार झाले की इथे टाका, मी ते नक्की पाहीन.